बांधावर ये, गमबूट घेऊन

अरे बाबू,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण त्या दिवशी कोर्टात बोर्ड संध्याकाळपर्यंत चालला आणि घरी येऊन जेवल्यावर मोबाईल हातात घ्यायचीही ताकद उरली नाही, म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितेय. आधीच सांगते, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू विचारलंस की ताई, एन्व्हायर्नमेंटल लॉच्या कोर्सला वर्षभरात काय काय अ‍ॅक्टिव्हिटी असतात आणि त्यातल्या कुठल्या केल्या तर सीव्हीवर बऱ्या दिसतील. यादी काय, नोटीस बोर्डावर लागतेच. ओरिएंटेशन, गेस्ट लेक्चर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, डिसेंबरच्या सुरुवातीला भोपाळची आठवण काढणारं व्याख्यान, २ फेब्रुवारीला पाणथळ जागांचा दिवस, मूट कोर्ट (काल्पनिक केस लढायची स्पर्धा), लीगल एड, एखादा नॅशनल सेमिनार, मार्चनंतर सगळे डिझर्टेशनच्या मागे, आणि ५ जूनला झाडं लावून फोटो काढले की वर्ष संपलं. हे सगळं मी विद्यार्थी म्हणून केलंय आणि आता अधूनमधून शिकवायला जाते तेव्हा मुलांना करतानाही बघते. सर्टिफिकेटांचा गठ्ठा माझ्याकडेही आहे, आईने कपाटात जपून ठेवलाय, आजवर एकाही अशिलाने तो मागितलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्षात जमेल तेवढ्या वेळा जागेवर जा, मग त्याच जागेचा कागद काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. पुढे वकिली लागली की जागा बघायला वेळ नसतो, अशील घाईत, आपण घाईत, कागद समोर आला की त्यावरच ड्राफ्ट बनतो. त्याचा फटका मला बसलाय, ते पुढे सांगते.

आधी आपल्या गोव्यातल्या खाजनाचं सांगते, म्हणजे नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेताचं. तू पेडण्याचा, तुमच्याकडेही तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठाने खाजनं आहेत, पण विचारून बघ वर्गात, निम्म्या मुलांना खाजन म्हणजे हायवेवरून दिसणारं पाणी साचलेलं शेत एवढंच माहीत असतं. आमच्या वेळी एका सरांनी आम्हाला जुलैमध्ये, धो धो पावसात, फेरीबोटीने दिवाडीला नेलं होतं. आम्ही सगळे वैतागलेलो, चपला चिखलात रुतलेल्या, एकीची तर तिथेच राहिली. सर बांधावर उभे राहून काही बोललेच नाहीत, म्हणाले अर्धा तास मानशीकडे बघा. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. तिची लाकडी दारं, बाहेर नदी चढत होती, आणि भरतीचं पाणी जसं दाबायला लागलं तशी ती दारं आपोआप मिटत गेली, कोणी हात लावला नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्यांना बाहेर ढकलून उघडतं. कितीतरी पिढ्यांपूर्वी कोणीतरी हे बसवलंय, ना मोटर ना वीज, आणि त्याच्या जोरावर खाऱ्या नदीच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकतं. बाजूला एक आजोबा बसले होते, त्यांनी सांगितलं मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, त्या पैशातून बांधाची डागडुजी चालायची. ‘चालायची’ म्हणाले, चालते नाही म्हणाले. तेवढ्यावरून पुढचे दोन तास चर्चा झाली की मासळीला भाव जास्त आला की मानशीचं दार मुद्दाम उघडं ठेवायचा मोह कसा होतो, खारं पाणी आत कसं येतं, बांध फुटला तर तो दुरुस्त करायचा कोणी, कोमुनिदादीने (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेने), कुळांच्या संघटनेने, की सरकारने.

आणि आता यातली कायद्याची गंमत बघ. बांध फुटला, चार-पाच वर्षं कोणी लक्ष दिलं नाही, खारं पाणी भरत राहिलं, तर त्या शेतात खारफुटी उगवते. खारफुटी उगवली की सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राच्या नियमांखाली, ती जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात जाते, हात लावायचा नाही. म्हणजे ज्याचं शेत बुडालं त्यालाच उद्या पुन्हा शेती करायची तर खारफुटी तोडल्याचा गुन्हा. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजनं राखायची, त्यांचा आराखडा करायचा, तिथे विकासकामं नकोत असं सगळं लिहिलंय, वाच तो नीट. पण वाचण्याआधी फुटलेला बांध बघ, नाहीतर तुला खारफुटी म्हणजे चांगली आणि तोडणारा म्हणजे वाईट एवढंच कळेल. खारफुटी चांगलीच आहे रे, माझं तिच्याशी भांडण नाही, पण कुठली कधीची हे विचारावं लागतं.

आता माझी फजिती. सनद घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती, नावाची खूप घाई होती. एका गावातून तिघेजण आले, शेतात रात्री टिपर येऊन माती टाकतात, भराव घालतात, काहीतरी करा म्हणाले. सोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, होता, फोटो होते. मी त्याच रात्री झकास तक्रार लिहिली, प्रिकॉशनरी प्रिन्सिपल घातलं, पब्लिक ट्रस्ट घातलं, कमलनाथ केसचे दोन परिच्छेद घातले, १९९६चा वेल्लोर निकाल घातला, एकदम सुप्रीम कोर्टात उभी राहिल्यासारखी. आणि सर्व्हे नंबर उलटा लिहिला. ११२ चा ३ होता, मी ११३ चा २ लिहिला. इन्स्पेक्शनला माणसं गेली, ११३ बटे २ मध्ये कोणाच्या तरी माडांची बाग, छान हिरवीगार, त्यांनी पंचनामा केला आणि पत्र आलं की स्थळी कोणताही भराव आढळला नाही, तक्रार निकाली. मला वाटलं साहेबांना मॅनेज केलंय, मी आणखी एक कडक पत्र लिहिलं, त्यातही तोच नंबर. चूक कोणाच्या लक्षात आली माहितीये, माझ्या ज्युनिअरच्या, ती फक्त झेरॉक्स काढत होती.

तोवर पाच महिने गेले होते. एनजीटीकडे, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, कलम १४ खाली जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिने, आणि उशिराचं सबळ कारण पटलं तर वर ६० दिवस, त्यापुढे ट्रिब्युनलच्या हातातही काही नाही. आम्ही त्या जास्तीच्या ६० दिवसांत कसेबसे शिरलो, उशीर माफ झाला, केस उभी राहिली. पण दरम्यान एक पावसाळा जाऊन भरावावर गवत आलं होतं, कंपाऊंड वॉल झाली होती, आणि शेताचं शेत परत काही झालं नाही. त्या तिघांतले जे म्हातारे होते ते मला ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाय, नंबर नंतर, आधी शेतात यायचं होतं." अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हापासून माझा नियम आहे. पहिल्यांदा जागेवर जायचं, सर्व्हे प्लॅन हातात घेऊन चारी बाजूंनी फिरायचं, चतुःसीमेला कोण कोण आहे ते शेजाऱ्यांकडून विचारून लिहायचं, फोटो काढताना लोकेशन आणि तारीख चालू ठेवायची, आणि फोटोत एक तरी न हलणारी गोष्ट यायला हवी, विजेचा खांब, क्रूस, घुमटी, विहीर, काहीही. नुसत्या मातीचा फोटो जगात कुठलाही असू शकतो, समोरचा वकील पहिल्या तारखेलाच ते म्हणणार. तुमच्या फील्ड व्हिजिटला हे करून बघ, बाकीचे सेल्फी काढत असतील तेव्हा.

आरटीआयचंही असंच. लीगल एडच्या नावाखाली तुम्हाला एखादा अर्ज करायला लावतात, तो मनावर घे. नवी मुलं अर्जात विचारतात "अमुक बांधकामाला परवानगी का दिली?" उत्तर येतं ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. ‘का’ विचारूच नको, कागद माग. अर्जाची प्रत, इन्स्पेक्शन रिपोर्ट, नोटशीट, मीटिंगचे मिनिट्स, आणि फाईल प्रत्यक्ष बघायची मागणी कर. फाईल बघायला बसणं हा माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात चांगला तास, कुठल्याही गेस्ट लेक्चरपेक्षा. एखाद्या क्लार्कने पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहिलेलं "साइट व्हिजिट बाकी" आणि त्याच्याच पुढच्या पानावर मंजुरी, असलं काही एकदा बघितलंस की अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ वेगळा शिकावा लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकून ठेव. बाकी तिथल्या क्लार्कशी नीट वाग, त्यांनाच माहीत असतं कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दोन दिवस जाऊ नको, कोणी भेटत नाही.

चवथीवरून आठवलं. सुट्टीत घरी जाशील तेव्हा माटोळी, गणपतीवर टांगतात तो फळाफुलांचा मांडव, बांधताना नुसता बघत बसू नको, वही घे आणि काय काय टांगलं ते लिहून काढ, कवंडळं, कांगले, आंबाडे, जे असेल ते, आणि आजीला विचार की हे कुठून आणलं आणि तिच्या लहानपणी कुठून आणायचे. २००२चा जैवविविधता कायदा आहे ना, त्यात प्रत्येक पंचायतीत समिती आणि गावाची जैवविविधता नोंदवही लागते. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही कोणीतरी एजन्सीने करून कपाटात ठेवलेली असते. गावात ती मागून बघ आणि माटोळीशी ताडून बघ. तुझ्या आजीच्या यादीत असलेलं आणि नोंदवहीत नसलेलं एक जरी सापडलं तरी तुझा पेपर तयार.

पब्लिक हिअरिंगला तर जाच. ईआयएची, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अभ्यासाची, २००६ची अधिसूचना वाचून काही कळत नाही, मंडपात बसल्यावर कळतं. किमान ३० दिवसांची नोटीस लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस अध्यक्ष, प्रदूषण मंडळ घडवून आणतं, व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हायला हवं, आणि कोरम वगैरे काही नसतो, म्हणजे कोणी आलं नाही तरी सुनावणी झाली असंच धरतात. म्हणून लोक जातात. २०१७ साली वास्कोत कोळशाशी संबंधित प्रकल्पांची सुनावणी झाली ती कितीतरी दिवस चालली, लोक रात्री उशिरापर्यंत नंबर लावून बोलत होते. बोलायचा मोह होईल, पहिल्या वेळी बोलू नको. ऐक. मच्छीमार बाई दोन वाक्यांत जे सांगून जाते, कुठल्या महिन्यात कुठे जाळं टाकलं की हल्ली काय येतं, ते अहवालात शंभर पानांत नसतं. आणि मग मिनिट्स आले की बघ, तिची ती दोन वाक्यं कशी लिहिलीत, लिहिलीत का मुळात.

अहवाल वाचायचा तर बेसलाइन डेटाचं, म्हणजे प्रकल्पाआधी जागा कशी होती त्याचं, प्रकरण आधी उघड. बहुतेक अहवालांत एका ऋतूचा डेटा असतो आणि तो पावसाळा सोडून. म्हणजे गोव्यात जिथे वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, तिथे प्रकल्पाचा अभ्यास करणारा माणूस नेमका ते चार महिने सोडून येतो, मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फिरतो आणि लिहितो की जागा ओसाड, खडकाळ. अरे, तोच सडा ऑगस्टमध्ये बघ, फुलांनी भरलेला, बेडकांनी भरलेला, आणि खालच्या गावाच्या झरी त्याच पाण्यावर. कॉपी-पेस्टही तपास. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता, हे खरंच घडलंय.

यावरून तुझ्या गावाकडे येते. मोपाचा विमानतळ. तू त्या वेळी शाळेत असशील. २९ मार्च २०१९ला सुप्रीम कोर्टाने मोपाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, हनुमान आरोसकर विरुद्ध केंद्र सरकार, निकाल न्यायमूर्ती चंद्रचूडांचा. कारण काय होतं तर अर्जाच्या फॉर्म १ मध्ये आजूबाजूची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं नीट सांगितलीच नव्हती. मग पुन्हा तपासणी झाली, जानेवारी २०२०मध्ये कोर्टाने जादा अटी घालून स्थगिती उठवली, आणि जानेवारी २०२३पासून विमानं उडायला लागली. आता तू मला विचारशील की मग जिंकलं कोण. वर्गात हा प्रश्न आला की दोन गट पडतात, एक म्हणतो काही उपयोग झाला नाही, दुसरा म्हणतो ऐतिहासिक निकाल. मला दोन्ही अर्धे वाटतात. त्या निकालामुळे अर्जदाराने माहिती लपवली तर मंजुरीचा पायाच हलतो हे पक्कं झालं, देशभरातले वकील तो वापरतात, मीही वापरलाय. पण तुझ्या घरासमोरचा सडा गेला तो गेला. तुझं घर त्याच बाजूला, तू हा विषय दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त बारकाईने लिहू शकतोस. मंजुरीला जोडलेल्या अटी काढ, त्यांचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात, ते काढ, आणि अट घेऊन त्या त्या जागी जाऊन उभा राहा. इतकी झाडं लावली म्हणून लिहिलंय तर कुठे लावली, जगली किती, तिथल्या बाईला विचार पाणी कोण घालतं. एवढंच डिझर्टेशन कर. पॅरिस करार आणि सस्टेनेबल डेव्हलपमेंट वगैरेवर देशात हजार डिझर्टेशन आहेत, त्यात तुझं एक कशाला.

आता एक अवघड गोष्ट, जी वर्गात मी सांगत नाही. मी डिचोली तालुक्यातली, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातली, हे तुला माहीतच आहे. आमच्या दारात दोन टिपर उभे असायचे, बाबांनी आणि काकांनी मिळून कर्ज काढून घेतलेले. लहानपणी आमच्या अंगणातल्या तुळशीची पानं लाल असायची, धुवून देवाला वाहायची. विहिरीचं पाणी खोल गेलं ते आई रोज बोलायची आणि टिपरचा हप्ता भरला गेला की तीच आई देवासमोर साखर ठेवायची, दोन्ही त्याच घरात. ऑक्टोबर २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी बंद केल्या तेव्हा मी नुकतीच सनद घेतली होती, आणि जेवताना बाबा एवढंच म्हणाले, तुझ्या कायद्याने केलं बघ. पुढे २१ एप्रिल २०१४चा निकाल आला, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या केसमध्ये, की लिजांची, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांची, मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती, म्हणजे मधली पाच वर्षं जे काढलं ते बेकायदा, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, आणि विक्रीतले दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या फंडात. सरकारने मग पुन्हा ८८ लिजांचं नूतनीकरण केलं, ते ७ फेब्रुवारी २०१८ला रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा बंद. काकांचा टिपर तोपर्यंत अंगणातच गंजत होता, त्याच्या टपावर आम्ही मिरच्या वाळत घालायचो.

मी त्या निकालांच्या बाजूची आहे, आजही. कायमचा फंड ही कल्पना मला फार पटते, जमिनीखालचं आपलं नव्हतं, आपण राखणदार होतो. पण सेमिनारला कोणी "मायनिंग लॉबी" असा सरसकट शब्द वापरला की मला बाबांचा चेहरा दिसतो. लिज कोणाची, पैसा कोणाकडे गेला आणि हप्ता कोणाच्या डोक्यावर राहिला ही तीन वेगळी माणसं आहेत. सत्तरी तालुक्यात गेलास तर हेच वाघांच्या बाबतीत दिसेल. जानेवारी २०२०मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मारले गेले, सगळा गोवा हळहळला, पुढे जुलै २०२३मध्ये हायकोर्टाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं. निकाल वाचच, सुंदर लिहिलाय. पण कॅम्पला जाशील तेव्हा धनगरांच्या घरी बसून ताक पी आणि विचार की गुरं वाघाने मारली तर भरपाईचा अर्ज कुठे करायचा, त्याला कुठले कागद लागतात, पैसे कधी येतात. उत्तर ऐकून गप्प बसशील.

मोलेच्या जंगलाचं मी मुद्दाम कमी लिहितेय कारण त्यावर तुला सगळेच सांगतील. एवढंच बघून ठेव की ९ मे २०२२ला सुप्रीम कोर्टाने तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली ती ‘रेल्वे वाईट’ म्हणून नव्हे, गरज आणि परिणाम यांचा अभ्यास पुरेसा नव्हता म्हणून. आणि त्या लढ्यात वकिलांच्या आधी चित्रं काढणारी, फुलपाखरं मोजणारी, पत्रं लिहिणारी तुझ्याएवढी मुलं होती.

मूट. कर, एकदा कर. अमेरिकेतल्या स्टेट्सन विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय पर्यावरण मूट असते, तिच्या भारतातल्या फेऱ्यांना आपली मुलं जातात, मेमोरियल लिहिताना दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय लागते, ती फार उपयोगी. पण वर्षात तीन-तीन मूट करणारी मुलं मी बघितलीत, "युवर लॉर्डशिप" फार गोड म्हणतात आणि एक-चौदाचा उतारा हातात दिला की उलटा धरतात. मूटमध्ये फॅक्ट्स कोणीतरी छापून देतं, आपल्याकडे त्या चिखलातून काढाव्या लागतात. सेमिनारबद्दल काही लिहीत नाही, जेवण चांगलं असतं.

सीआरझेडचं एक सांगायचं राहिलं. किनाऱ्यावर कुठल्याही केसमध्ये एकच तारीख कानावर पडेल, १९ फेब्रुवारी १९९१. पहिली अधिसूचना त्या दिवशीची, त्यामुळे प्रत्येक शॅकवाला, हॉटेलवाला, घरवाला सांगणार की आमचं बांधकाम त्याआधीचं. काहींचं खरंच असतं, रापणकारांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांची), रेंदेरांची (माडाची सूर काढणाऱ्यांची) जुनी घरं, आणि त्यांच्याचकडे नेमका कागद नसतो. घरपट्टीची जुनी पावती, विजेचं बिल, जुना सर्व्हे प्लॅन, चर्चमधली नाहीतर शाळेतली नोंद, असलं काहीतरी शोधायला त्यांना मदत कर. मोठ्या हॉटेलवाल्याकडे सगळे कागद असतात, कधी कधी जरा जास्तच व्यवस्थित असतात, १९८९च्या पावतीवर बॉलपेनची शाई काल लिहिल्यासारखी. जुनी सॅटेलाइट चित्रं बघायला शीक, फुकट मिळतात. मोरजीला कासवांच्या सीझनमध्ये रात्रीची ड्युटी मिळाली तर मात्र कायदाबियदा सोडून दे आणि वाळूत बस. मी तीन रात्री बसले, कासव काही आलं नाही, चौथ्या रात्री मी घरी झोपले तेव्हा आलं.

हां, आणि घरच्यांनी विचारलं की यात पैसे मिळतात का, तर खोटं सांगू नको. सुरुवातीला नाहीत. मी अजूनही वाटण्या, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांच्या) केसेस, चेक बाउन्स करते, त्यावर घर चालतं आणि त्यातूनच झेरॉक्सचे पैसे निघतात. आधी पुण्याला ट्रिब्युनलसमोर जायचं तर रात्रीच्या बसने उठून बसून, आता बरंचसं व्हिडिओवर होतं, तेवढा खर्च वाचला.

पुढच्या रविवारी आम्ही पाच-सहाजण दिवाडीच्या त्याच बांधावर जातोय, गेल्या आठवड्यात एका ठिकाणी पाणी झिरपायला लागलंय म्हणून तिथल्या कुळांनी बोलावलंय. भरती साडेदहाच्या सुमाराला आहे, त्याआधी पोचायला हवं, म्हणजे पहिली कदंबा बस पकड, पणजीहून मी तुला गाडीत घेते. गमबूट आण, नसतील तर तुमच्या तिठ्यावर मिळतील, चप्पल घालून आलास तर परत जाताना एकच असेल. वही आण आणि पेन्सिल आण, पेन नको, पावसात उमटत नाही. सर्व्हे प्लॅन मी आणते. नंबर तू वाचून दाखव, दोनदा.

ताई

ता. क. आईला सांग कोकमाची सोलं मिळाली, बाटली परत पाठवते.